"आई, माझं कम्युनियन कधी?"

ताई,
सांगलीहून दोन वर्षांपूर्वी आम्ही माहीमला राहायला आलो. सासर कडेगावजवळचं, सासूबाई आमच्याकडेच असतात. मजल्यावर एक गोव्याचं कॅथलिक कुटुंब, एक मुसलमान, एक जैन आणि आम्ही. आठ वर्षांची लेक शाळेतून आली की दप्तर टाकून शेजारी पळते. मैत्रिणीबरोबर बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाऊन मेणबत्ती लावून आली. त्या मैत्रिणीचा कम्युनियनचा पांढरा फ्रॉक पाहिल्यापासून विचारते, "आई, माझं कम्युनियन कधी?" बोलते हिंदीत, घाईत मीही हिंदीतच उत्तर देते. आम्ही शाकाहारी; समोरच्यांकडे ती काय खाईल याची सासूबाईंना धास्ती. आमच्याकडे मुली फारशा येत नाहीत, सासूबाईंचं सोवळं असतं. तिचं जाणं बंद करू का? पोर आपली राहील ना?
— माहीमची एक आई

प्रिय सखी,

जाणं बंद करू नका. ज्या घरात आपल्याला प्रेमाने खाऊ मिळतो त्या घरात काहीतरी वाईट आहे, एवढंच ती त्यातून शिकेल. आणि आठव्या वर्षी शिकलेलं असलं काही पुढे पुसता पुसत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थबकले. "आमच्याकडे मुली फारशा येत नाहीत." तुमची लेक तीन घरांतून काही ना काही घेऊन येते. तिच्या घरातून तिकडे काय जातं? पांढऱ्या फ्रॉकचं कौतुक तिला वाटणारच. नवे कपडे, सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे, असा दिवस कोणाला नको असतो? तिला खरं ते सांगा: कम्युनियन हा चर्चमधला विधी आहे, बाप्तिस्मा झालेली मुलं त्याची तयारी करतात, आपल्यात तो नसतो. पण लगेच पुढे हेही सांगता आलं पाहिजे की आपल्यात काय असतं.

तुमच्याकडे हादगा असतो. सप्टेंबरअखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखायची. या खेळात जात-धर्म आड येत नाही. परकर-पोलक्यातली तुमची लेक त्या दिवशी यजमानीण. गाणी कोण सांगणार? सासूबाई! त्यांच्याइतकी ती दुसऱ्या कोणाला पाठ असणार? खिरापत त्यांच्याच हातची असली की सोवळ्याचाही प्रश्न उरत नाही.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांना गावाबद्दल विचारा. कडेगावचे मोहरमचे उंच ताबूत त्यांनी नक्की पाहिले असतील, आणि त्यात हिंदूही मानाने सामील होतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना मराठीतूनही होते आणि तिथे सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या लावतात, हेही त्यांच्या कानावर घाला. नातीने मेणबत्ती लावली म्हणून घरातला देव रुसत नाही. फक्त कुठेही नेण्याआधी तुम्हाला विचारावं, एवढं शेजारणीला जरूर सांगा. ते आईच्या हक्काचं आहे.

खाण्याचंही असंच, आडपडदा न ठेवता बोलायचं. तुमचे जैन शेजारी कांदा-लसूण चालत नाही हे किती सहज सांगतात! तसंच समोरच्या वहिनींना सांगा, "आमच्याकडे मटण-मासे-अंडं नसतं, तेवढं सांभाळाल का?" बहुतेक आया हे मनापासून पाळतात. पण ही गोष्ट तुम्ही बोलायची, आठ वर्षांच्या पोरीवर सोपवायची नाही. आणि "ते घाण खातात" असं तिच्यासमोर घरात कोणीही म्हणायचं नाही. त्या बाबतीत मात्र सासूबाईंनाही ठामपणे थांबवा.

भाषेची काळजी मला जास्त वाटते, कारण तिथे चूक तुमच्याकडून होते आहे. ती मैत्रिणींशी हिंदीत बोलली तर बोलू द्या. मुलांना तीन-चार भाषा जड जात नाहीत. पण घरात ती हिंदीत बोलली तरी तुमचं उत्तर मराठीतच यायला हवं, न रागावता, रोज. झोपताना आजीकडून एक गोष्ट. तुम्हीच मराठी सोडलीत तर शेजाऱ्यांना बोल लावून काय उपयोग?

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, तरी सांगते. 1992-93 च्या दंगलींचे आणि बॉम्बस्फोटांचे घाव माहीमनेही सोसले आहेत. कधीतरी कोणीतरी तिला "त्यांच्यात जाऊ नकोस" म्हणेल आणि ती तुमच्याकडे येईल. तेव्हा विषय बदलू नका. काय घडलं ते तिच्या वयाला झेपेल तेवढं, पण खरं सांगा. शेजारच्या घरात रोज जाऊन आलेल्या मुलीला ते समजून घेणं सोपं जाईल.

आणि हादग्याची वाट पाहत बसू नका. येत्या शनिवारी, सासूबाईंची पूजा-जेवणं आटोपली की चारच्या सुमाराला तिघी मैत्रिणींना थालीपीठ खायला बोलवा. जैन मैत्रिणीसाठी पिठात कांदा घालू नका. बोलवायला लेकीलाच पाठवा.