खेकडा तेजोमेघात (स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषांच्या ढगात) गॅमा किरणांचा भडका उडाला, की बाकीच्या दुर्बिणी तिकडे का वळवतात?

कारण गॅमा दुर्बिणीला भडका दिसतो, जागा दिसत नाही. फर्मी उपग्रहाची नजर या ऊर्जेला इतकी ढोबळ असते की अख्खा तेजोमेघ तिला एकच ठिपका वाटतो. बारीक तपशील हवा तर क्ष-किरणांत चंद्रा अवकाश दुर्बीण, दृश्य प्रकाशात हबल आणि रेडिओ दुर्बिणी लागतात.

एप्रिल 2011 चा भडका बघा. काही तासांत तेज दुप्पट होत होतं. प्रकाशाला एवढ्या वेळात जेमतेम नेपच्यूनच्या कक्षेचा व्यास ओलांडता येतो, आणि त्याहून मोठी गोष्ट एवढ्या लवकर एकदम उजळू शकत नाही, म्हणजे भडक्याचा उगम साधारण तेवढाच किंवा त्याहून लहान. तेजोमेघ मात्र सुमारे 10 प्रकाशवर्षं रुंद! चंद्रा आणि हबलने नीट पाहिलं, पण भडक्याशी खात्रीने जोडता येईल असा एकही ठिपका उजळलेला सापडला नाही. मला तर हे न सापडणंच सर्वांत मोलाचं वाटतं. तेजोमेघाच्या मध्यभागी पल्सार आहे, म्हणजे मृत ताऱ्याचा वेगाने फिरणारा गाभा. त्याचे स्पंदही बदलले नाहीत, त्यामुळे संशय भोवतालच्या वाऱ्यावर, म्हणजे पल्सारमधून वाहणाऱ्या कणांच्या झोतावर जातो. तिथे चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळताना इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग मिळत असावा. हे इलेक्ट्रॉन आपली बहुतेक ऊर्जा गॅमा किरणांतच उधळत असतील, तर इतर तरंगलांबींतली शांतता समजते.