वाचकांचे प्रश्न : टाइप चेकर अडकतो कुठे?

प्रश्न : आम्ही तिघे ऐरोलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्टसाठी छोटी फंक्शनल भाषा केली आहे, इंटरप्रिटर (प्रोग्राम चालवणारा भाग) चालतो. आता टाइप चेकर (आकडा, स्ट्रिंग असे टाइप नीट जुळतात का, हे प्रोग्राम न चालवता बघणारा भाग) त्यातून वेगळा काढतोय. काही प्रोग्राम दिले की चेकर अडकून बसतो, शेवटी मेमरी संपते. शिवाय लेटने (मूल्याला नाव देणाऱ्या रचनेने) बांधलेलं एकच फंक्शन आधी आकड्यावर, मग स्ट्रिंगवर वापरलं की चूक दाखवतो.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी अडकण्याचं बघू. चेकरला एवढाच प्रोग्राम द्या (‘फन’ म्हणजे फंक्शन) :

फन एक्स → एक्स एक्स

एक्सचा टाइप क धरा, निकालाचा ख; क, ख हे अजून न ठरलेले टाइप, म्हणजे टाइप व्हेरिएबल. एक्स स्वतःलाच लावलाय, म्हणून समीकरण होतं क = क → ख (क घेऊन ख देणारं फंक्शन). उजवीकडच्या क च्या जागी पुन्हा हेच घाला, पुन्हा क उरतोच. हे संपत नाही. म्हणून युनिफिकेशनमध्ये (दोन टाइप जुळवून बघताना) टाइप व्हेरिएबल बांधण्याआधी तो समोरच्या टाइपच्या पोटात नाही ना, हे बघावंच लागतं. हाच ऑकर्स चेक. तो लिहूनही चेकर अडकत असेल, तर आधीची बंधनं सोडवायची राहिली असतील : ख आधीच क ला बांधलेला असेल, तर ‘ख → ग’ मध्ये क वरवर दिसत नाही. दोन्ही बाजूंना तोच व्हेरिएबल आला, तर मात्र ती चूक नव्हे. काही न करता परत फिरा.

दुसरी अडचण जनरलायझेशनची. संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा जीव लेटमध्येच आहे. उजव्या बाजूचा टाइप निघाला की त्यातले मोकळे व्हेरिएबल ‘कोणत्याही टाइपसाठी’ म्हणून बांधायचे आणि नाव जिथे जिथे वापरलं जाईल तिथे नवे व्हेरिएबल घालून ताजी प्रत काढायची. तुमच्याकडे ही ताजी प्रत निघत नसावी. पहिल्या वापरात क आकडा झाला की तो आकडाच राहतो.

पण घाईने सगळेच व्हेरिएबल बांधू नका. एन्व्हायर्नमेंटमध्ये (आतापर्यंतची नावं आणि त्यांचे टाइप यांच्या नोंदीत) अजून मोकळे असलेले वगळा. कसोटी ही :

फन एक्स → लेट वाय = एक्स इन वाय

उत्तर क → क यायला हवं. क → ख आलं, तर आकडा घेऊन ‘स्ट्रिंग देतो’ म्हणणारा प्रोग्राम बिनबोभाट पास होईल. ही चूक अडकण्यापेक्षा वाईट, कारण ती दिसतच नाही.

चेकर वेगळा काढताना पार्सर (मजकुरातून प्रोग्रामची रचना ओळखणारा भाग) चेकर आणि इंटरप्रिटर दोघांत सामाईक ठेवा. चेकरला सिंटॅक्स ट्री (पार्सरने काढलेलं रचनेचं झाड), त्यातल्या प्रत्येक नोडची ओळ आणि कॉलम, आणि अंगभूत फंक्शनांचे टाइप पुरतात. त्या फंक्शनांचा कोड नको. चूक सापडलेल्या नोडला कशाशीही जुळणारा खास टाइप द्या, म्हणजे एका चुकीपायी खाली दहा खोट्या चुका येणार नाहीत.

प्रश्न : भाषेत बदलता येणारे रेफरन्स आणले तर हेच नियम पुरतील का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही. ‘लेट आर = रेफ []’ (आर हा रिकाम्या यादीचा रेफरन्स) जनरलाइझ झालं, तर आर मध्ये आकड्यांची यादी ठेवून ती स्ट्रिंगची म्हणून वाचता येते. उजवीकडे फंक्शन, स्थिर मूल्य किंवा नुसतं नाव असेल तरच जनरलाइझ करा, फंक्शन कॉल असेल तर नको. ही व्हॅल्यू रिस्ट्रिक्शन. अँड्र्यू राइट यांनी ती १९९५ मध्ये मांडली. यात ‘लेट एफ = मॅप आयडी’ सुद्धा जनरलाइझ होत नाही (मॅप यादीतल्या प्रत्येकाला फंक्शन लावतं, आयडी मिळालेलं तसंच परत देतं); ते ‘फन यादी → मॅप आयडी यादी’ असं लिहिलं की सुटतं.