रेझिस्टन्स शून्य आला, मग मॅग्नेटिक मापन कशाला?

प्रश्न : सर, मी जळगावला एमएस्सी फिजिक्स करतेय. प्रोजेक्टला यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या सुपरकंडक्टरची (गार केल्यावर रेझिस्टन्स शून्य होणारा पदार्थ) पेलेट, म्हणजे दाबून भाजलेली चकती, केली, 90 केल्विनच्या आसपास रेझिस्टन्स शून्य झाला, आम्ही खुश. मग 10 ओर्स्टेडच्या चुंबकीय फील्डमधे मॅग्नेटायझेशन मोजून आणलं तर झेडएफसी (झीरो फील्ड कूल्ड, फील्डशिवाय गार करून मोजलेला) कर्व्ह मस्त खाली गेलाय पण एफसी (फील्ड कूल्ड, फील्डमधे गार करून मोजलेला) जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. मैत्रीण म्हणते सॅम्पल बिघडलं. खरंय का? आणि रेझिस्टन्स शून्य आल्यावर हे मुळात कशाला?

उत्तर : ताई, पेलेट फेकू नका एवढ्यात. रेझिस्टन्सचं असंय, भुसावळहून जळगावला यायला एक रस्ता चालू असला की झालं, बाकी सगळं शिवार चिखलात का असेना. करंटला पेलेटमधून एक सलग वाट सापडली की मीटर शून्य दाखवतो, उरलेला माल भले कच्चा असो. सगळा माल सुपरकंडक्टर झालाय का, हे बघायला मॅग्नेटिक मापन.

झेडएफसीत सॅम्पल फील्डशिवाय गार करून मग फील्ड लावतात, ते आत येऊ नये म्हणून पृष्ठभागावर करंट फिरायला लागतो. पण हे नुसतं शिल्डिंग, म्हणजे फील्ड बाहेर अडवणं. आपल्याकडे केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात ना, बाहेरून शेवरी दाट दिसली म्हणजे आत केळी लागलीच असेल असं कुठंय? नुसतं वरचं कवच चांगलं असलं तरी झेडएफसी पूर्ण 100 टक्के येऊ शकतो. एफसीत फील्ड आधीच आत असतं आणि ते बाहेर हाकलायचं असतं, माइसनर आणि ओक्सनफेल्डनी 1933 साली दाखवलं ते हेच. पण सिरॅमिकमधल्या दोषांत फ्लक्स, म्हणजे आत शिरलेलं फील्ड, अडकून बसतो, निघतच नाही, म्हणून एफसी लहान. दहावा हिस्सा म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही.

झेडएफसीचा आकडा मात्र तपासा. घनता घनसेंटिमीटरला 6.3 ग्रॅम धरली तर 63 मिलिग्रॅम म्हणजे 0.01 घनसेंटिमीटर, 10 ओर्स्टेडला पूर्ण शिल्डिंगचं उत्तर साधारण 0.008 ईएमयू (मशीन चुंबकत्व ज्यात दाखवते ते एकक) यायला पाहिजे. चपटी पेलेट फील्डला आडवी ठेवली असेल तर 100 च्या वर टक्के येतील, तो डीमॅग्नेटायझेशनचा, म्हणजे सॅम्पलच्या आकाराचा खेळ, चपटी बाजू फील्डला समांतर ठेवा. आणि एक तुकडा खलात कुटून पावडर मोजा, दाण्यादाण्यांमधून फिरणारा करंट तुटला की शेवरीच्या आत काय आहे ते बरंच कळतं.

अजून एक, यात मी स्वतः फसलोय : मशीनवर झीरो दिसतो पण सुपरकंडक्टिंग मॅग्नेटमधे आधीच्या मोठ्या फील्डचं काही ओर्स्टेड उरलेलं असतं, ते उलट्या दिशेचं आणि लावलेल्या फील्डपेक्षा मोठं निघालं तर कर्व्ह खाली जायच्या ऐवजी वर जाऊ शकतो आणि माणूस रात्रभर डोकं धरून बसतो.

कॉलेजातच बघायचं तर एसी ससेप्टिबिलिटी (बदलत्या फील्डला सॅम्पल किती प्रतिसाद देतं ते मोजणं) करा, एक प्रायमरी कॉइल, आत उलटसुलट गुंडाळलेल्या दोन सारख्या सेकंडरी, एकीत पेलेट, आणि बारीक सिग्नल टिपायला लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर. गार करायला द्रवरूप नायट्रोजन, 77 केल्विन, पुरतो. जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमधे ठेवतात त्यात हाच असतो. फक्त झाकण घट्ट बसवू नका आणि खिडकी उघडी ठेवा.