सिने-अंकाचं मुखपृष्ठ : चेहरा, नाव आणि शाई

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकाचा यंदा अहिराणी चित्रपट विशेषांक आहे. मुखपृष्ठावर चार कलाकार आणि सात मथळे घेतलेत. मोठ्या सिने-मासिकांसारखं नायिकेचं डोकं अंकाच्या नावावर आणलंय. तरी नमुना प्रत पाहून सगळे म्हणतात, काही उठून दिसत नाही. काय चुकलं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : चारातले तीन चेहरे काढा. ए-फोर पानावर चौघांना उभं केलं की एकेक चेहरा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा उरतो. बसस्टँडच्या स्टॉलवर सात-आठ फुटांवरून तो ओळखूच येत नाही. एकच चेहरा छातीपर्यंत घ्या. डोळे पानाच्या वरच्या कडेपासून साधारण १० सेंटिमीटरवर, नजर थेट कॅमेऱ्यात. सिने-मासिकं हे ठरवून करतात, कारण कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटलं की येणारा-जाणारा थबकतो. बाजूला बघणारा फोटोच चांगला आला असेल, तर त्याची नजर मथळ्यांकडे वळलेली असावी, पानाबाहेर नाही.

आता नावाचं. डोक्यामागे नाव लपवणं रोमन लिपीत खपून जातं, तेही नाव वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांत बसलेलं असेल तर. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. केसांच्या एका बटेखाली ‘अहिराणी’ची शेवटची वेलांटी गेली, की लोक ‘अहिराणा’ वाचणार! तुमचा अंक वर्षातून एकदा निघतो, त्यामुळे नाव झाकूच नका. अगदी हौसच असेल तर ‘रा’सारखं, वर-खाली काहीच नसलेलं अक्षर निवडा, त्याचा फक्त खालचा तिसरा हिस्सा झाका आणि शिरोरेषा अखंड राहू द्या.

मथळे तीन पुरेत : एक मोठा, दोन लहान. स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून लावतात, तेव्हा बऱ्याचदा वरची पट्टी आणि डावी कड एवढंच दिसतं. म्हणून नाव वर आणि मुख्य मथळा डावीकडे. चोवीस पॉइंटचा टाइप असेल तर दोन ओळींतलं अंतर ३४ ते ३६ पॉइंट ठेवा. सॉफ्टवेअर आपोआप देतं ते कमी पडतं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. चेहऱ्यावर अक्षर नको, कपड्यांवर चालेल. मात्र बुट्टेदार साडीवर मथळा हरवतो, तेव्हा फोटोच्या वेळीच एकरंगी कपडे सांगा. आणि ‘अहिराणी चित्रपट : एक दृष्टिक्षेप’ असले मथळे आम्हाला मुळीच पटत नाहीत. आत काय आहे ते सांगा : ‘शूटिंग तापीकाठी, प्रदर्शन मोबाइलवर’.

प्रश्न : स्क्रीनवर झळकणारा निळा रंग छापल्यावर जांभळा झाला, चेहराही धूसर आला. प्रेसची चूक का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : बहुधा फाइलची. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई चार शायांनी होते : सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी. सायन आणि मॅजेंटा दोन्ही शंभर टक्के दिले की निळा जांभळ्याकडे झुकतो. मॅजेंटा ६०-७० टक्क्यांवर आणा. फाइल आधीच सीएमवायके, म्हणजे याच चार शायांच्या रंगपद्धतीत, करून बघा, म्हणजे छापण्याआधीच फरक कळेल.

धूसर चेहऱ्याचं कारण बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप. तिथून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापलं तर ती साडेतेरा सेंटिमीटरलाच पुरते, आणि तुम्हाला तर जवळपास तीस सेंटिमीटर भरायचेत. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. ए-फोरला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) धरून २५५१ × ३५७९. ब्लीड नसेल तर कटिंग किंचित सरकलं तरी कडेला पांढरी रेघ दिसते. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शायांच्या काळ्यात एखादी शाई छापताना जरा सरकली की अक्षराभोवती रंगीत सावली येते.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करा. एप्रिल-मेमध्ये दोरीवर टांगलेल्या प्रतीतली पिवळी आणि मॅजेंटा शाई आधी उडते, म्हणून चेहरा निळसर पडतो. लॅमिनेशनने हे थांबत नाही; टांगलेली प्रत दर आठवड्याला बदलायला सांगा. उन्हात ग्लॉस (चकचकीत) लॅमिनेशन चकाकतं आणि मथळा वाचता येत नाही. मॅट (बिनचमकीच्या) लॅमिनेशनने ती अडचण जाते, पण रंग थोडे दबतात. फाइलमध्ये फोटो थोडा उजळ ठेवा.

प्रश्न : पूर्वीसारखं रंगवलेलं मुखपृष्ठ आज चालेल का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : जरूर चालेल. १९३५ साली सुरू झालेल्या ‘फिल्मइंडिया’ या सिने-मासिकासाठी चित्रकार एस. एम. पंडित यांनी मुखपृष्ठं रंगवली होती. चित्रकाराला रंगवण्याआधीच सांगा : वरचे सात सेंटिमीटर नावासाठी, डावी पट्टी मथळ्यासाठी रिकामी हवी. चित्र छपाईच्याच आकाराचं असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलने फोटो काढू नका, कडा वाकतात आणि ओल्या दिसणाऱ्या रंगावर दिव्याची चमक येते.