दादाला विचारू नकोस

प्रिय काकू,

मी मूळची सांगलीची, पंधरा वर्षं स्टुटगार्टला आहे. माझ्या ऑफिसात चोविशीतली एक जर्मन मुलगी आहे. वडील भारतीय, एवढंच तिला लहानपणापासून माहीत होतं. आता आईनं थोडं जास्त सांगितलं. तो २००० साली कॉम्प्युटरच्या कामासाठी आला, दीड-दोन वर्षांत कंपनी बुडाली आणि तो परत गेला. गावाचं नाव सांगली. नाव आईला माहीत आहे, आडनाव धड सांगता येत नाही. एक फोटो आहे, त्यात मागे आयर्विन पूल दिसतो, तो मी लगेच ओळखला. माझा दादा त्याच सुमाराला सांगलीच्या वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजातून बाहेर पडला. त्याच्या बॅचच्या ग्रुपवर फोटो टाकला तर संध्याकाळपर्यंत माणूस सापडेल. पण हे म्हणतात, नसती भानगड अंगावर घेऊ नकोस. काय करू?

— सांगलीची लेक

गं लेकी,

नवऱ्याचं ऐकू नकोस, आणि दादालाही विचारू नकोस.

संध्याकाळ कशाला, दुपारच्या चहाच्या आत सापडेल. मागे आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर कुणीतरी एका जुन्या सरांचा पत्ता विचारला होता. वीस मिनिटांत पत्ता आला. पाठोपाठ त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला किती खर्च आला ते आलं, आणि धाकटीचं ठरलेलं लग्न का मोडलं तेही आलं. कुणी विचारलं होतं? सांगलीत माणूस शोधायला अक्कल लागत नाही, बोभाटा न करता शोधायला लागते.

ही काळजी मी त्या गृहस्थाच्या अब्रूसाठी करत नाही. तो आता पन्नाशीत असेल, घरी बायको असेल, दहावी-बारावीतली पोरं असतील. त्या बाईला ही गोष्ट भाजी घेताना शेजारणीकडून कळू नये, एवढंच मला बघायचं आहे. नवऱ्याच्या तोंडून कळली तर ती रडेल, भांडेल, काय करायचं ते करेल. पण ते तिच्या घरात होईल.

आता सुरुवात कुठून? त्या मुलीच्या आईपासून. एकच प्रश्न तिनं आईला नीट, शांतपणे विचारायचा: आपण पोटात आहोत हे त्याला माहीत होतं का? पळून गेलेला माणूस वेगळा, आणि ज्याला कधी कळलंच नाही तो वेगळा. दोघांना एकच पत्र चालणार नाही. त्या काळी जर्मनीनं परदेशी कॉम्प्युटरवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं होतं, ऑगस्ट २००० पासून, पाच वर्षांपुरतं. पाठोपाठ बाजार कोसळला आणि नोकरी गेली की कित्येकांना गाशा गुंडाळावा लागला. तेव्हा तो कसा गेला याचा निकाल आधीच लावू नका.

आणि आईकडून नाव काढताना आपल्या नावांची गंमत ध्यानात ठेव. तिला माहीत असलेलं नाव घरचंही असू शकेल. आपल्याकडे बंडू, बाळू, पप्पू नावाचे कितीतरी इंजिनीअर आहेत, ज्यांचं कागदावरचं नाव सख्ख्या मित्रांनाही आठवत नाही. शिवाय जर्मन कानांनी ऐकलेलं नाव जर्मन स्पेलिंगात लिहिलं की त्याचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. आईला मोठ्यानं म्हणायला लाव, आणि तू मराठी कानांनी ऐक. आडनावाच्या शेवटी 'कर' होतं का? असेल तर मुळातलं एखादं गाव हाती लागेल. घरून काय खाऊ यायचा, सणाला तो काय करायचा, असलंही विचार. भडंगाचा डबा बायका विसरत नाहीत.

नाव लागलं की मतदार यादी. ती सगळ्यांना खुली असते. नाव, वडिलांचं नाव, वय आणि घर क्रमांक, सगळं तिथे आहे. कंटाळवाणं काम आहे, एकेक पान डोळ्यांखालून घालावं लागतं, पण यादी कुणाला फोन करून सांगत नाही. तो गावभागातला असेल तर जुन्या पत्त्यावर विसंबू नकोस. तिथल्या घरांत २००५ ला पाणी शिरलं, २०१९ ला पुन्हा शिरलं, आणि बरेच जण विश्रामबागेकडे सरकले. तो पुण्यात किंवा सिॲटलमध्येही असेल.

दरम्यान मुलीनं डीएनएची चाचणी करून घ्यावी. वडिलांशी निम्मा अंश जुळतो, वडिलांकडच्या सावत्र भावंडाशी पाव, सख्ख्या चुलत-आतेभावंडाशी साधारण आठवा. नमुना इतर ग्राहकांशी ताडून बघणाऱ्या या कंपन्यांकडे भारतातले लोक थोडेच आहेत, पण न्यू जर्सीतले आपले भाचे-पुतणे हौसेनं नळीत थुंकतात, आणि धागा तिथूनही सापडू शकतो. पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्नं झाल्यामुळे आपल्याकडे लांबचं नातं आहे त्यापेक्षा जवळचं दिसतं, म्हणून दोन-तीन टक्क्यांवर हुरळून जाऊ नका. परदेशातल्या इतर वाचकांनाही सांगते, नाताळच्या सवलतीत त्या चाचणीचा डबा मागवाल तेव्हा आपल्या मामा-काकांची तरुणपणंही त्यात जातात.

माणूस सापडला की पत्र घरी पाठवू नका. जर्मन तिकिटाचं पाकीट दारात आलं की ते आधी कोण उघडेल, सांगता येत नाही. ऑफिसच्या पत्त्यावरही नको. त्याचा स्वतःचा ईमेल किंवा नंबर मिळवा आणि दोनच ओळी लिहा: आपण २००० च्या सुमारास जर्मनीत होतात का? तेव्हाच्या एका ओळखीविषयी खासगी बोलायचं आहे. त्यात 'मुलगी' हा शब्द नको, फोटो नको. मोबाईल टेबलावर पडलेला असतो आणि पहिली ओळ सगळ्या घराला दिसते. त्यानं विचारलं की मग सगळं सांगा, लपवाछपवी नको. हे तिनंच लिहायचं, तू फक्त शब्द तपासायचे.

पुढे घरच्यांचा पहिला संशय ठरलेला: वाटणी मागायला आली. तर ऐक. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लग्नाबाहेरच्या मुलाचं नातं आईशी धरतो, त्यामुळे बाप मृत्युपत्र न करता गेला तरी ती आपोआप वारस होत नाही. कुठल्या देवळात लग्न लागलं असेल आणि ते पुढे रद्दबातल ठरलं, तर मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ लागू शकतं आणि आईबापाच्या मालमत्तेत हक्क येऊ शकतो. म्हणून आईला तेही विचार. तिला काही नको असेल, तर तसं तिनं स्वतःहून दुसऱ्या-तिसऱ्या पत्रात लिहावं. पहिल्यातच लिहिलं तर उलटा संशय येतो.

कोर्टाची वाट आहे. उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री एन. डी. तिवारींच्या प्रकरणात २०१२ साली कोर्टानं रक्त घ्यायला लावलं आणि बाप सिद्ध झाला. पण मुलाला त्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. जर्मनीच्या घटना न्यायालयानं १९८९ सालीच मान्य केलं की आपला जन्म कुणापासून झाला हे जाणणं हा माणसाचा हक्क आहे. तुझ्या नवऱ्याला हे जरूर सांग. सांगलीत मात्र त्या निकालाच्या जोरावर कुणी दार उघडणार नाही.

उत्तर आलं नाही तर सहा आठवडे थांबा. मग एकदाच आठवण करा. त्यानं 'नको' लिहिलं तर मुलीला तिच्यासाठी दोनच गोष्टी मागता येतील: घराण्यात मधुमेह, हृदयविकार असं काही आहे का, आणि त्याचा तरुणपणचा आणखी एखादा फोटो. त्यापुढे पाठपुरावा नको.

डिसेंबरात तिला सांगली बघायची असेल तर येऊ दे, त्याच्या उत्तराशी त्याचा संबंध नाही. माझ्याकडे उतरेल. मी तिला आयर्विन पुलावर नेईन आणि फोटो काढला ती जागा दाखवीन. 'ही कोण?' असं शेजारी विचारतीलच. माझ्या पुतणीच्या ऑफिसातली आहे असं सांगेन, तू मला काकू म्हणतेसच. फक्त तो फोटो तिनं पर्समध्ये ठेवावा, आणि रिक्षावाल्याला दाखवू नये.