मदत द्यायची की गळ्यात मारायची?

प्रश्न: ताई नमस्कार, मी सिंहगड रोडला राहतो, आमचं गणपती मंडळ आहे. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आमच्या पोरांनी लोकांना बाहेर काढलं, चादरी, जेवण सगळं पुरवलं, पण कितीतरी माणसं नुसती बसून होती, त्यांच्याशी काय बोलायचं तेच कळेना. म्हणून आता मानसिक प्रथमोपचाराची, म्हणजे धक्का बसलेल्या माणसाला लगेच आधार देणारी टीम करतोय. एकजण म्हणतो माणसाला बोलतं करायचं, रडला की मोकळा होतो. दुसरा म्हणतो फोटो पाहिजेतच, नाहीतर पुढच्या वेळी देणगी कोण देणार. यात काही नियम असतात का?
– एक कार्यकर्ता

उत्तर: असतात दादा, आणि बरेचसे स्वतःला आवरण्याचेच आहेत.

बोलतं करायच्या भानगडीत पडू नका. माणूस आपणहून सांगायला लागला तर शांत ऐका, पण मधेच ‘पाणी कुठवर होतं, आजी तेव्हा कुठे होत्या’ असं खोदत बसू नका, तुम्ही पोलीस नाही आणि चॅनेलवालेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मधे यावर एक छोटी मार्गदर्शिका काढली, तिचं सार म्हणजे बघा, ऐका, जोडून द्या. सगळ्यांचा जीव त्या ‘ऐका’ वर, पण ‘बघा’ मधे खरं काम असतं. जागा सुरक्षित आहे का, कोणाची बीपीची गोळी वाहून गेलीय, कोण ओल्या कपड्यात कुडकुडतंय, कोणाला चष्म्याशिवाय फोनवरचा मुलाचा नंबरच दिसत नाहीये. तो नंबर लावून दिला की आजोबांना जो धीर येतो ना, तो तुमच्या भाषणानं येणार नाही. आणि ‘जोडून द्या’ म्हणजे घरच्यांशी, डॉक्टरशी, पंचनामा करणाऱ्या माणसाशी गाठ घालून द्यायची. जास्तच बिघडलेलं दिसलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. झोपेची गोळी मात्र कोणी आपल्या खिशातून काढून द्यायची नाही, अगदी घरात कोणी डॉक्टर असला तरी.

जवळ गेलात की आधी नाव सांगा, कुठल्या मंडळाचे ते सांगा, ‘बसू का जरा?’ विचारा. नको म्हणाले तर ‘बरं, आम्ही त्या मंडपात रात्री दहापर्यंत आहोत, केव्हाही या’ एवढं बोलून उठा. नको म्हणणाऱ्याभोवती चार पोरं उभी राहिली तर तो घेराव झाला. बाई एकटी असेल किंवा लहान मूल असेल तर टीममधली एखादी ताई बरोबर हवीच.

खोटा धीर देऊ नका. ‘भरपाई मिळेलच’, ‘सगळं ठीक होईल’ हे तुमच्या हातात आहे का? ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणा आणि मग खरंच परत जाऊन सांगा, कारण तिथे जे येऊन बोलून गायब होतात त्यांच्यावरच लोकांचा जास्त राग असतो. आणि ‘तुमचं घर तरी उभंय, २०१४ ला माळीणमधे अख्खी वस्ती गाडली गेली’ असली तुलना तर कोणाच्या दुःखाशी करूच नका. दोन दिवसाचं ट्रेनिंग करून स्वतःला काउन्सेलर म्हणवून घेणं हाही खोटेपणाच.

आता फोटो. जो माणूस तुमच्याच हातून चादर घ्यायला रांगेत उभा आहे तो तुम्हाला नाही कसं म्हणेल? त्यानं मान हलवली म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका. खिचडीच्या पातेल्याचा काढा, चादरींच्या ढिगाचा काढा, देणगीदाराला तेवढं पुरतं, नाही पुरलं तर त्याचा हेतू तपासा. कोणी काय सांगितलं ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, नाव गाळूनही नाही, गल्लीत कोणाचं काय ते लोक बरोब्बर ओळखतात. आणि भावी नगरसेवकाचा फोटो छापलेलं जॅकेट घालून तर अजिबात जाऊ नका.

प्रश्न: मी हडपसरला शिकवते. सातवीतली एक मुलगी घरातल्या कोणाबद्दल तरी काही सांगायला येते आणि थांबते, म्हणते ‘मॅडम आधी प्रॉमिस करा, कोणाला सांगणार नाही.’ करू का?
– एक शिक्षिका

उत्तर: नका करू, कारण ते तुम्हाला पाळताच येणार नाही. लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, ज्याला कळलं त्या प्रत्येकाला, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मग तिला आत्ताच सांगा की ‘तू सांगितलेलं मी वर्गात, स्टाफरूममधे बोलणार नाही, पण तुला कोणी त्रास देत असेल तर तो थांबवायला एक-दोन माणसांना सांगावं लागेल, आणि कोणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन.’ तरी ती गप्प झाली तर होऊ दे, मूल चाचपडत चाचपडत परत येतं, तुम्ही रोज दिसत राहा. पण तिला आत्ता धोका आहे असं वाटलं तर ती बोलायची वाट बघू नका, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. सांगितलंच तर तिच्या शब्दात ऐका, ‘नक्की असंच झालं का?’ पुन्हा पुन्हा विचारू नका, चौकशी करायला दुसरी माणसं आहेत.

प्रश्न: हिंजवडीला आमच्या टीममधला एक मुलगा अपघातात गेला. मॅनेजमेंटनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांसाठी कम्पल्सरी ग्रुप सेशन ठेवलंय, प्रत्येकानं मनातलं बोलायचं. मी एचआरमधे आहे, मला ते बरोबर वाटत नाहीये.
– एक वाचक

उत्तर: तुमचं बरोबर आहे. धक्क्यानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकेकाला अनुभव सांगायला लावणं, याला डीब्रीफिंग म्हणतात, १९८० च्या दशकात ते सुरू झालं आणि मग फार चाललं. पुढे अभ्यास झाले तेव्हा एका सेशनच्या डीब्रीफिंगनं नंतरचा त्रास टळत नाही असं दिसलं, काहींना उलट त्रासच झाला. मॅनेजमेंटला सांगा, ‘कम्पल्सरी’ शब्द काढा, हजेरी घेऊ नका. त्याऐवजी काय झालं ते एकदा खरंखरं सांगा म्हणजे अफवा थांबतील, अंत्यविधीला जायला सुट्टी आणि गाडी द्या, त्या आठवड्याच्या डेडलाइन पुढे ढकला. काउन्सेलर बोलवा, पण ज्याला हवं तो आपणहून जाईल अशा बेतानं, आणि कोण गेलं होतं ते मॅनेजरला कळता कामा नये, नाहीतर अप्रेझलच्या भीतीनं कोणी तिकडे फिरकणार नाही.