सीरियातून जर्मनीत गेलेल्या निर्वासित डॉक्टरला लगेच प्रॅक्टिस का करता येत नाही?

डिग्री आहे म्हणून परवाना मिळतो असं नाही, हे त्याचं साधं उत्तर. २०१२ च्या कायद्यानं कुठल्याही देशाच्या नागरिकाला परदेशी पदवीच्या मान्यतेसाठी अर्ज करता येतो. पण खरी गोची कागदपत्रांत आहे. मार्कशीट दमास्कस नाहीतर अलेप्पोत राहिलेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये असद सरकार पडेपर्यंत तर, ज्या सरकारच्या भीतीनं पळालो त्याच्याच दारात 'शिक्का मारून द्या' म्हणून कोण जाणार होतं?

मग भाषा. बाजारहाटापुरतं जर्मन उपयोगाचं नाही. वैद्यकीय भाषेच्या परीक्षेत वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात: पेशंटशी बोलायचं, त्यावरून पत्र लिहायचं, मग तीच केस वरिष्ठ डॉक्टरला सांगायची. पेशंट 'पोटात कळ येते' छापाचं घरगुती बोलणार, पत्रात मात्र शास्त्रीय शब्द हवेत. अभ्यासक्रमात तफावत निघाली तर ज्ञानचाचणी वेगळी. या ज्ञानचाचणीत नापास झालात तर फक्त दोनदा पुन्हा बसता येतं. यात काही वर्षं सहज जातात आणि तोवर घरभाड्यासाठी मिळेल ते काम करावं लागतं.

भाषेची अट मला रास्तच वाटते. राग येतो तो फाइल महिनोन्महिने टेबलावर पडून राहते त्याचा. तरीही आज जर्मनीतल्या परदेशी डॉक्टरांत सर्वांत मोठा गट सीरियनांचाच आहे.